०.७३४ ला शॉक गेला, ०.७२ ला परत आला : माझंही हेच झालं होतं

तुम्ही आरएई २८२२ एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा एक प्रमाण आकार) एसयू-टू या हवाप्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅक ०.७३४ (ध्वनीच्या वेगाच्या ०.७३४ पट), लिफ्ट (उचल) गुणांक ०.८२४ ला ऑप्टिमाइझ केला, ड्रॅग (हवेचा विरोध) झकास उतरला, आणि सरांनी ०.७२ ला रन करायला लावल्यावर शॉक (पंखावरचा आघात-तरंग, ड्रॅग वाढवणारा) पुन्हा हजर. तुमचं हे वाचून माझं एम.टेक. आठवलं. घणसोलीच्या भाड्याच्या खोलीत मीही हेच करून बसलो होतो.

मेश (गणिताची जाळी), कन्व्हर्जन्स (उत्तर स्थिरावलं का) तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही. ऑप्टिमायझर म्हणजे सांगकाम्या. एकच मॅक दिलात की त्या वेगाला शॉक जिथे बसतो तिथलीच वक्रता घासूनपुसून देतो. वेग जरा हलला की शॉक परत, कधी एकाचे दोन. विमान काय जन्मभर ०.७३४ लाच उडणार आहे? इंधन जळतं, वजन उतरतं, लिफ्ट गुणांकही बदलतो.

माझी घोडचूक पुढची. इतर वेगांना ड्रॅगचा आलेख सुधारेना म्हणून तीन महिने डिझाइन व्हेरिएबल (आकार बदलायच्या कळा) वाढवत बसलो. अ‍ॅडजॉइंट पद्धतीत ग्रेडियंट (कुठली कळ हलवली की ड्रॅग किती बदलतो) सगळे एका जादा रनमध्ये निघतात, म्हणून विसाचे दोनशे केले तरी खर्च जवळपास तोच. अँटनी जेमसन यांच्या १९८८ च्या अ‍ॅडजॉइंटवरच्या कामापासून सगळे याच सोयीवर जगतायत. मला तीच नडली. व्हेरिएबल जास्त, तेवढं त्या एका बिंदूपुरतं, म्हणजे एकाच मॅकपुरतं, कोरीवकाम बारीक. बाह्य परीक्षकांनी पहिलाच प्रश्न ऑफ-डिझाइनचा (ठरवलेल्या वेगाबाहेर काय होतं) विचारला आणि मी पाण्याचा ग्लास उचलला.

तीन बिंदूंचं डोक्यात नव्हतं असं नाही. पण आमचं संगणक केंद्र (नाव घेत नाही)! अर्ज द्या, सही आणा, सही करणारे रजेवर. नोड (मोठ्या संगणकाचा वाटा) मिळेना म्हणून एका बिंदूवर भागवलं. टूडीला (नुसत्या छेदाच्या गणिताला) घरचा पीसी पुरतो हे तेव्हा कोणी सांगितलंच नाही.

तुम्ही ०.७२, ०.७३४, ०.७४ असे तीन घ्या, ड्रॅगची वजनी सरासरी काढा. लिफ्ट स्थिर, छेदाचं क्षेत्रफळ आणि पिचिंग मोमेंट (नाक वर-खाली फिरवणारा जोर) यांवर बंधन हवंच. मोमेंटला वेगळा अ‍ॅडजॉइंट रन लागतो, तो वेळ धरा. ०.७३४ चा फायदा आधीपेक्षा कमी दिसेल; मी तोच खरा मानतो. सरासरीत कुठल्या बिंदूला किती वजन द्यायचं, यावर मात्र माझा शब्द प्रमाण मानू नका, सरांशी बोला. पूर्ण थ्रीडी पंख मी केलेला नाही.

आणि हो, पावसाळा आहे. रीस्टार्ट फाइल (रन थांबला तर तिथून पुढे चालू करायची) ठरावीक इटरेशननंतर लिहिली जातेय ना, बघा. आमच्याकडे रात्री दोनला लाइट गेली की सकाळी पहिल्यापासून.