चॅट्सवर्थला पहिल्यांदा जाताय? आधी एन्झर बघा

इंग्लंडमधल्या डर्बीशायरला चॅट्सवर्थचा वाडा बघायला निघालात, उत्तम! फक्त थेट वाड्यात घुसू नका. नवखे तिथेच दमतात आणि गाव राहून जातं.

आधी वाड्याजवळचं एन्झर गाव. वाड्यातून दिसणारी जुनी वस्ती हलवून वाड्याच्या मालकाने, डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकने, १८३०च्या दशकाच्या अखेरीस आपला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याच्या देखरेखीखाली हे गाव नव्याने वसवलं. घरांचे घाट मुद्दाम वेगवेगळे ठेवलेत (हौसेला मोल नाही!), म्हणून धुराडी आणि छपरं निवांत न्याहाळा.

- घरांत माणसं राहतात. खिडक्यांतून डोकावू नका.
- चर्चच्या आवारात पॅक्स्टनची कबर आहे, आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण कॅथलीन हिचीही. बरेच जण त्या न बघताच परततात.
- मग कुरणातून चालत वाडा गाठा. तिकीट आधीच काढा, हिवाळ्यात काही काळ तो बंद असतो.

वास्तुशैलींची नावं पुढच्या खेपेला.