कला केंद्रातील कॅमेरे आणि मागच्या दाराचे कुलूप

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात, एका नगरपरिषदेच्या हद्दीत, माझे परवानाधारक सांस्कृतिक कला केंद्र आहे. संगीत बारीच्या, म्हणजे लावणी सादर करणाऱ्या कलावतींच्या, आठ पार्ट्या येथे राहतात. पोलीस ठाण्याचे पत्र आले आहे, की सात दिवसांच्या आत थिएटर, बैठकीच्या खोल्या आणि मेकअपच्या खोलीसमोरचा बोळ येथे सीसीटीव्ही बसवावेत, त्यांचे थेट चित्रण ठाण्यात दिसेल अशी जोडणी व पासवर्ड द्यावा, अन्यथा केंद्र बंद करण्यात येईल. बायका कॅमेऱ्याला तयार नाहीत. बंदोबस्ताचे म्हणाल तर आम्ही निष्काळजी नाही. थिएटरला पत्र्याचे छत व त्याखाली शोभेचे कापड आहे, विजेचा बोर्ड पुढच्या दाराशेजारी आहे आणि दारे दोनच आहेत. फुकटे घुसू नयेत म्हणून मागच्या दाराला बाहेरून कुलूप असते व किल्ली गेटवरच्या माणसाकडे असते. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, आपण कॅमेऱ्यांविषयी विचारले आहे आणि त्याचे उत्तर मी देतोच, परंतु आपल्या पत्रातील कुलपाचे वाक्य वाचल्यापासून माझे लक्ष त्यावरून हटलेले नाही, त्यामुळे त्याविषयीही सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

प्रथम पोलीस ठाण्याच्या पत्राविषयी. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचे व त्यांवर नियंत्रण ठेवण्याचे नियम महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली केले जातात. जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे हा अधिकार आयुक्तांकडे आणि आपल्यासारख्या आयुक्तालयाबाहेरच्या भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. पोलीस ठाणे आपला अहवाल वर पाठवू शकते, पाहणी करू शकते, परवान्यातील अटींचा भंग दिसल्यास कारवाईची शिफारस करू शकते. मात्र परवान्यात नसलेली नवी अट स्वतःच्या पत्राने घालणे आणि ती न पाळल्यास केंद्र बंद करणे, हे ठाण्याच्या हाती नाही. म्हणून आपला मूळ परवाना व त्यामागे छापलेल्या अटी आजच काढून पत्राशेजारी ठेवा आणि कॅमेऱ्यांचा उल्लेख कोठे आहे का, असल्यास कोणत्या शब्दांत आहे, हे ओळ न ओळ तपासा. पत्रात कोणत्याही कलमाचा वा जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाचा हवाला नसेल, तर आपल्या उत्तरातील पहिला मुद्दा तोच राहील.

दुसरा मुद्दा खासगीपणाचा. डान्स बारच्या परवान्यासाठी राज्य शासनाने घातलेल्या अटींमध्ये चित्रण थेट पोलीस नियंत्रण कक्षात पाठवण्याची अट होती. २ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने ती बदलून कॅमेरे प्रवेशद्वारापुरते मर्यादित केले. पुढे १७ जानेवारी २०१९ च्या अंतिम निकालात, न्या. ए. के. सिक्री व न्या. अशोक भूषण यांच्या खंडपीठाने बारमध्ये कॅमेरे बसवण्याची सक्ती ही खासगीपणावर आक्रमण करणारी आहे असे ठरवून ती रद्द केली. हा निकाल डान्स बारसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याखालील अटींविषयी आहे. आपले केंद्र बार नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा आपल्याला लागू होतो असे मी म्हणणार नाही. परंतु तेथे मान्य झालेले तत्त्व आपल्या बाजूने मांडता येते आणि माझ्या मते आपली बाजू बारमालकांपेक्षा अधिक भक्कम आहे, कारण बारमधली नर्तिका काम संपल्यावर घरी जाते, आपल्याकडच्या बायकांचे घरच तेथे आहे. मेकअपच्या खोलीसमोरच्या बोळातून त्या आंघोळीला जातात, मुलांना जेवायला हाक मारतात. त्या बोळाचे चित्रण चोवीस तास ठाण्यातल्या पडद्यावर दिसावे, ही मागणी कोणत्याही न्यायालयात टिकवणे कठीण आहे.

मेकअपच्या खोलीत, न्हाणीघरात किंवा राहत्या खोल्यांत, कोणी तोंडी सांगितले किंवा लेखी दिले तरी, कॅमेरा लावू नका. स्त्रीचे खासगी स्थितीतील चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ ई त्याच्या जोडीला आहे. ‘साहेबांनी सांगितले होते’ हा त्या खटल्यात बचाव होऊ शकत नाही, आणि आरोपी म्हणून आपले नाव येईल.

याचा अर्थ कॅमेरे नकोतच असा मी लावत नाही. मुख्य फाटक, तिकीट खिडकी, वाहनतळ आणि दोन्ही दारांच्या बाहेरची बाजू येथे कॅमेरे जरूर लावा व तसा फलक दर्शनी भागी लावा. दारू पिऊन येऊन धिंगाणा घालणाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायची वेळ येते तेव्हा बायकांचा शब्द फार वेळा खोटा ठरवला जातो. फाटकावरचे चित्रण त्या वेळी त्यांच्या उपयोगी पडते. एखाद्या घटनेच्या तपासासाठी ठाण्याला चित्रण हवे असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ठाणे अंमलदाराने लेखी आदेश द्यावा. मग त्या तारखेचे व त्या वेळेचे चित्रण काढून, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसारच्या प्रमाणपत्रासह द्यावे आणि पोच घ्यावी. पासवर्ड कोणालाही देऊ नये.

आता कुलूप. आपल्या पत्रावरून थिएटरचे जे चित्र उभे राहते ते असे, की पत्र्याचे छत आहे, त्याखाली शोभेचे कापड ताणले आहे, विजेचा बोर्ड पुढच्या दाराशेजारी आहे आणि बाहेर पडायला दोनच दारे आहेत. ठिणगी त्या बोर्डात पडली तर पहिल्यांदा पुढचे दार जाईल. मागे कुलूप असेल, आणि किल्ली गेटवरच्या माणसाच्या खिशात, म्हणजे नेमकी आगीच्या पलीकडे असेल. रंगमंचावरच्या बाईच्या अंगावर नऊवारी आणि पायांत किलोंच्या हिशेबाने वजन असलेले घुंगरू असतात. त्या पट्ट्या सोडायलाच किती वेळ लागतो हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली ती मुख्यतः धुराने गुदमरून; बाल्कनीतील एका बाजूची वाट जादा खुर्च्या टाकून बंद केलेली होती. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल आवारात १४ जण दगावले, तेही बहुतेक धुरानेच. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथे एका नाइट क्लबच्या आगीत २५ जणांचा मृत्यू झाला. आग लागल्यावर माणसाला मिळणारा वेळ किती थोडा असतो, हे या तिन्ही ठिकाणी दिसून आले आहे.

कायद्याच्या भाषेत सांगायचे तर, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ च्या कलम ३ प्रमाणे ही जबाबदारी जागेच्या मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे आपली आहे. आग प्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक अभिकरणाकडून (एजन्सीकडून) घेऊन दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करायचे असते. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात चौकशी करून जे राहिले असेल ते पूर्ण करा. दुर्घटना घडलीच, तर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि दार जाणूनबुजून कुलूपबंद ठेवले असल्यास सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लावण्याचा प्रयत्न तपास यंत्रणा करू शकते. कॅमेऱ्यांच्या प्रश्नावर मी आपल्या बाजूने उभा राहू शकतो. कुलपाच्या प्रश्नावर आपल्या बाजूने मांडण्यासारखे माझ्याकडे काहीही नाही.

फुकट्यांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. त्यासाठी मागच्या दाराला पॅनिक बार बसवा, म्हणजे दार बाहेरून उघडत नाही आणि आतून आडवा दांडा ढकलला की लगेच उघडते. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. दाराबाहेर एक कॅमेरा आणि दार उघडताच वाजणारी घंटा लावली, की गेटवरच्या माणसाला तिकडे लक्ष ठेवता येते. कापड काढून टाका, बोर्डाची तपासणी परवानाधारक वीज ठेकेदाराकडून लेखी करून घ्या.

यानंतरच पत्राला उत्तर द्या, आणि सात दिवसांची मुदत संपण्यापूर्वी द्या. उत्तर पोलीस निरीक्षकांच्या नावे असावे व प्रत जिल्हादंडाधिकाऱ्यांना जावी. त्यात कोठे कॅमेरे बसवले ते लिहा, कोठे बसवता येणार नाहीत व का ते लिहा, तेथे राहणाऱ्या बायकांचे सह्या किंवा अंगठे असलेले निवेदन जोडा आणि परवान्याबाबत काहीही निर्णय घेण्यापूर्वी सुनावणी द्यावी अशी स्पष्ट विनंती करा. सुनावणी न देता परवाना निलंबित केला किंवा आदेशाविना केंद्राला टाळे लावले, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर चालतात. त्या याचिकेला आपले उत्तर, त्याची पोच आणि मागच्या दाराचे नवे छायाचित्र जोडावे लागेल. तेव्हा सुताराला उद्याच बोलवा, आणि तो येईपर्यंत खेळ चालू असताना ते कुलूप काढून ठेवा.