तीन विमानांच्या विमानतळावर ती काय शिकणार?

प्रश्न : मुलगी नुकतीच पदवीधर झाली. एका छोट्या विमानतळावर एअरलाइनच्या ग्राहक सेवेसाठी तिची निवड झाली आहे. तिथे दिवसाला जेमतेम तीन विमानं येतात. घरचे म्हणतात, मोठ्या विमानतळाची वाट बघ, इथे काय शिकणार? – एक आई

उत्तर : नमस्कार ताई,

ती 'जेमतेम तीन विमानं' मला तिच्या फायद्याची वाटतात. मोठ्या ठिकाणी नवख्या मुलीला चेक-इनला बसवलं, की बरेच दिवस ती तिथेच अडकते. छोट्या ठिकाणी माणसंच मोजकी. सकाळी जिने बॅगेला टॅग लावला, तीच थोड्या वेळाने गेटवर बोर्डिंग पास तपासते, व्हीलचेअरवरच्या आजोबांना विमानापर्यंत पोचवते आणि कुणाची बॅग आली नाही, तर तक्रारही तीच लिहून घेते. सत्तरेक आसनांच्या एटीआर या छोट्या विमानात पुढच्या चौघांना मागे का बसवलं, यामागचं वजनाचं गणितही तिच्या कानावर पडतं. मोठ्या विमानतळावर ते काम दुसऱ्याच विभागाचं असतं.

नियम पाठ होतात. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते, तीही साधारणपणे १०० वॉट-तास क्षमतेपर्यंतचीच. पण रांग खोळंबलेली असताना प्रवाशाला बॅग जमिनीवर उघडायला लावून, कपड्यांच्या तळातून ती काढायला सांगायची आणि तरी त्याचा अपमान होऊ द्यायचा नाही, हे काउंटरवरच शिकावं लागतं.

खरी परीक्षा धुक्याच्या दिवशी. विमान उतरू न शकल्याने दुसरीकडे वळतं आणि सगळी रांग हिच्यासमोर येते. चूक हिची नसते, बोलणी मात्र हिला खावी लागतात. मुरलेली एजंट अशा वेळी खोटा दिलासा देत नाही. 'नऊ वाजता पुन्हा सांगते' म्हणते, आणि नवीन काही कळलं नसलं तरी नऊला उभी राहून तेवढंच सांगते. मुलगी मनाला फार लावून घेणारी असेल, तर याचा विचार आधीच करा. इंग्रजी कच्चं असेल तर ते सुधारता येतं. मनाला लावून घेणं सुटणं अवघड.

आता खटकणाऱ्या गोष्टी. विमानं पहाटे आणि संध्याकाळी असली, तर ड्युटी दोन तुकड्यांत लागू शकते. मधल्या तासांचा पगार मिळतो का, हे आधी विचारा. नेमणूकपत्र कुणाचं आहे तेही बघा : अनेक ठिकाणी गणवेश एअरलाइनचा असतो, पण नोकरी ग्राउंड हँडलिंग कंपनीची, म्हणजे एअरलाइनसाठी विमानतळावरची कामं करणाऱ्या वेगळ्या कंपनीची. मग सवलतीचा विमानप्रवास मिळेलच असं नाही. मिळाला तरी तो बहुधा जागा रिकामी राहिली तरच. नोकरीसाठी कुणी अनामत मागितली, तर तिथूनच परत फिरा.

बढतीला मात्र वाव कमी. वरची जागा एखादीच, आणि तिथे बसलेला माणूस सहसा हलत नाही. म्हणून दोन वर्षं मनाशी धरा, मग बदली मागायची किंवा दुसरीकडे अर्ज करायचा. तोवर आरक्षण प्रणाली, सामानाचा माग आणि गेटचं काम तिन्ही हाताखालून गेलेलं असेल.

होकार कळवण्याआधी एक करा. तिला एका विमानाच्या वेळी तिथे पाठवा. काउंटर उघडण्यापासून बंद होईपर्यंत तिने बाहेरच्या भागात, जिथून तो दिसतो तिथे, नुसतं बसून बघावं. उशीर झालेलं विमान मिळालं तर उत्तमच. घरी आल्यावर ती आधी कुणाबद्दल बोलते, चिडलेल्या प्रवाशाबद्दल की काउंटरवरच्या मुलीबद्दल, ते मला जरूर कळवा.