'क्षारप्रतिकारक' गहू म्हणायचं की 'क्षारसहनशील'?

भाषांतर करणाऱ्याकडून प्रश्न असा आलाय की खाऱ्या जमिनीतही चांगलं उत्पादन देणाऱ्या गव्हाला एका लेखात 'क्षारप्रतिकारक' म्हटलंय, दुसऱ्यात 'लवणसहनशील', मग बरोबर कुठलं आणि क्षार नि लवण एकच का?

मी 'क्षारसहनशील' लिहीन. प्रतिकारक हा शब्द आपल्याकडे रोगासाठी रुळलाय, उदाहरणार्थ तांबेरा प्रतिकारक गहू. तांबेरा ही जिवंत बुरशी आहे, झाड तिला वाढूच देत नाही म्हणून तिथे प्रतिकार शब्द चपखल बसतो. जमिनीतल्या मिठाचं तसं नाही, ते मुळांभोवती पेरणीपासून कापणीपर्यंत असतंच. आधी काय होतं तर मुळांना पाणी ओढणं जड जातं, म्हणजे जमिनीत ओल आहे पण पिकाला पाण्याचा ताण बसलाय अशी अवस्था. मग हळूहळू मिठातला सोडियम पानांत साचतो, जुनी पानं आधी करपतात आणि दाणा भरायला हिरवा पालाच कमी उरतो. हे सगळं सोसून जो दाणा देतो तो सहनशील.

यावर कोणी म्हणेल की गहू सोडियम अडवतो ना, मग 'क्षाररोधक' का नको? मुद्दा चांगला आहे आणि अर्धा खराही आहे. आपल्या नेहमीच्या पोळीच्या गव्हात एक जनुक असतं, ते मुळातून वर जाणाऱ्या पाण्यातला सोडियम काढून घेतं आणि पानांपर्यंत फारसा पोचू देत नाही. हे जनुक त्याच्या डी गुणसूत्रसंचात आहे. बन्सी म्हणजे ड्युरम गव्हात तो संचच नाही (त्याची गुणसूत्रं २८, पोळीच्या गव्हाची ४२), म्हणून बन्सी खारात लवकर मार खातो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मग एकदाणी गहू या जुन्या नातेवाइकातलं तशाच कामाचं जनुक नेहमीच्या संकर पद्धतीने ड्युरममध्ये आणलं आणि २०१२ मध्ये निकाल छापला, खाऱ्या शेतात त्या जनुकाविना असलेल्या ड्युरमपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत जास्त धान्य. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण आकडा कुंडीतल्या रोपांचा नाही, शेतातल्या धान्याचा आहे. पण बघा, सोडियम अडवला तरी पाणी ओढायचा त्रास तसाच राहतो, तिथे 'रोधक' म्हणता येत नाही. म्हणून एकूण गुणाला सहनशीलताच म्हणावं आणि त्यातल्या या एका कामाला खुशाल 'सोडियम रोखणं' म्हणावं.

शिवाय सहनशील म्हटलं की 'किती?' असं विचारता येतं आणि इथे तोच प्रश्न महत्त्वाचा. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता मोजतात, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये; क्षार जास्त तितका आकडा मोठा. गव्हाचं उत्पादन साधारण ६ पर्यंत टिकतं आणि पुढे प्रत्येक एककाला सुमारे ७ टक्क्यांनी घटतं, जवाचं ८ पर्यंत टिकतं, भाताचं मात्र ३ नंतरच घसरायला लागतं.

आणि 'तग धरणं' नि 'उत्पादन देणं' यात गल्लत करू नका, भाषांतरात ती फार होते. राजस्थानच्या पाली भागातला खारचिया गहू घ्या, नावातच खार. खारात टिकण्यात तो जगभर नावाजलेला, पण उंच वाढतो, लोळतो, तांबेऱ्याला बळी पडतो आणि उत्पादन बेताचं. मग कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत खारचिया ६५ चा डब्ल्यूएल ७११ या जास्त उत्पादन देणाऱ्या वाणाशी संकर करून केआरएल १-४ हे वाण काढलं. पैदासकाराची, म्हणजे नवी वाणं तयार करणाऱ्याची, खरी कसोटी हीच, सोसायची ताकद ठेवून दाणा वाढवायचा. तेव्हा मूळ मजकुरात उत्पादनाबद्दल म्हटलं असेल तर 'क्षारयुक्त जमिनीत जास्त उत्पादन देणारं' असं पूर्ण लिहा, नुसतं सहनशील लिहून मोकळे होऊ नका.

आता क्षार आणि लवण. घोळ हिंदीमुळे होतो. मराठी शाळेत आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार तयार होतो, म्हणजे मीठ हा क्षारच. हिंदीत मात्र मीठवर्गाला लवण म्हणतात आणि क्षार म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. त्यामुळे हिंदीतली 'क्षारीय मृदा' आपल्याकडे क्षारयुक्त जमीन नाही, ती चोपण जमीन! आपली क्षारयुक्त ती त्यांची 'लवणीय'. (जुन्या मराठीतही खार दोन्हीकडे जातो, खारं पाणी मिठाचं पण जवखार, सज्जीखार हे आम्लाच्या उलट गुणाचे.) हा नुसता शब्दांचा वाद नाही हो, चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो, सामू (pH) ८.५ च्या वर जातो, माती चिकट होऊन पाणी तुंबतं आणि तिथे जिप्सम लागतं. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत चर काढून, पाणी देऊन क्षार धुवून काढतात. चोपणीतल्या गव्हाला मुळाशी साचलेलं पाणीही सोसावं लागतं, म्हणजे पैदासकाराने बघायचे गुणही बदलले. हिंदीवरून 'क्षारीय' उचलून 'क्षारयुक्त' केलंत तर वाचणारा चुकीचा उपाय करेल. शंका आली की सामू नि वाहकतेचे आकडे बघा, शब्दापेक्षा ते भरवशाचे.

राहिला 'वाण' की 'जात'. केआरएल १-४ सारखं पैदास करून प्रसारित केलेलं ते वाण, खारचिया मूळचा स्थानिक म्हणून त्याला देशी जात म्हटलेलं मला बरं वाटतं, पण वाण म्हटलं तरी कोणी चूक म्हणणार नाही.