गाठी नगावर घ्याव्यात का?

प्रश्न : पिकअपला ट्रेलर जोडून वाळल्या गवताच्या गाठी आणायच्या आहेत. विकणारा नगावर भाव सांगतो. घ्याव्यात का? आणि भराव्यात कशा?

उत्तर : नगावर घेऊच नका. दिसायला सारख्या दोन चौकोनी गाठींत एक १५ किलोची निघते, दुसरी २५ची; यंत्राने किती दाबून बांधली त्यावर सगळं. चार-पाच गाठी काट्यावर ठेवा, सरासरी काढा, मग किलोवर बोला. विकणारा कुरकुरला तर काय ते समजून जा.

एखादी गाठ सोडूनही बघा. हिरव्या रंगाला भुलू नका, हात आत खुपसा. गवत कोरडं, थंड लागलं पाहिजे. कोमट लागलं, कुबट वास आला किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली, तर स्वस्तातही नको. ओलावा २० टक्क्यांच्या वर गेलेली रास आतून तापते, प्रसंगी आपोआप पेटते. हे गोठ्याशेजारी रचायचं असतं, विसरू नका!

भरताना ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडदांड्यावर, म्हणजे ट्रेलर पिकअपला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावर, यायला हवा. मागे जड झाला की वेगात ट्रेलर डोलायला लागतो, आणि मग पिकअपही त्याच्या मागे फरफटते. थर विटांसारखे सांधा मोडून रचा. पट्टे आवळून निघालात तरी थोड्या अंतरावर थांबून पुन्हा आवळा. गवत बसतं, पट्टा ढिला पडतो.