एमजीएमध्ये अ‍ॅम्बेसिडरचं डिझेल इंजिन टाकावं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की खामगावजवळ तुमच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये आजोबांची 1957ची एमजीए, म्हणजे ती इंग्लिश स्पोर्ट्स कार, पडून आहे, इंजिन जाम झालंय, अन् गावातला मिस्त्री म्हणतो, "अ‍ॅम्बेसिडरचं डिझेल टाकून घ्या, अ‍ॅव्हरेज देईल."

टाकू नका. एमजीएचं पेट्रोल इंजिन 70च्या आसपास हॉर्सपॉवरचं, अ‍ॅम्बेसिडरचं ते जुनं डिझेल 37चं. अन् दोन सीटांची ही गाडी अ‍ॅव्हरेजसाठी कोण काढतं बावा?

पण मिस्त्री अगदीच हवेत बोलत नाही. कारंज्यात माझं गॅरेज आहे. काम मुख्यतः ट्रॅक्टर-जीपांचं, पण अ‍ॅम्बेसिडरची इंजिनं भरपूर उघडलीत. तिचं जुनं पेट्रोल इंजिन अन् एमजीएचं इंजिन सख्खे चुलतभाऊ: दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजची, दोन्ही 1489 सीसी, बोअर-स्ट्रोकही (सिलिंडरची रुंदी अन् पिस्टनची चाल) तोच. म्हणून बदलायचंच झालं तर हे पेट्रोल बसवा. एमजीएची पुढची-मागची प्लेट, फ्लायव्हील, संप (खालचं ऑइलचं भांडं), दोन्ही एसयू कंपनीचे कार्बोरेटर मॅनिफोल्डसकट त्यावर चढवा. गिअरबॉक्स एमजीएचाच राहू द्या. जुन्या अ‍ॅम्बेसिडरचा गिअर स्टिअरिंगजवळ, तुमचा खाली फ्लोअरवर, ती भानगड नको.

त्याआधी मूळ इंजिन सोडवून पाहा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा गंजून बोअरला धरतात, बाकी फार बिघडलेलं नसतं. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल अन् इंजिन ऑइल मिसळून ओता, आठवडाभर तसंच ठेवा, मधून मधून भर घाला. मग हँडल लावून हातानं हलकेच मागे-पुढे करा. स्टार्टर मारू नका. ट्रॅक्टर लावून, गिअरमध्ये टाकून टोचन तर अजिबात नको. आपल्याकडे हा उद्योग फार चालतो, अन् कनेक्टिंग रॉड वाकला की दोनशे रुपयांच्या तेलाचं काम हजारोंवर जातं. बोअर खराबच निघाला तर अकोला-नागपूरला स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नवी नळी) टाकून मिळते.

कागदांचंही बघा. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घ्या. शिवाय 50 वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 2021पासून व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. तो नंबर रोजच्या वापरासाठी नसतो, हेही ध्यानात ठेवा.

अन् मिस्त्रीला हात लावू द्यायच्या आधी ब्लॉकवरची नंबराची पट्टी पुसून वाचा. त्यात 15जीबी किंवा 15जीडी असेल तर इंजिन एमजीएचंच. नसेल तर तुमच्या आजोबांच्याच काळात कुणी अ‍ॅम्बेसिडरचं टाकून ठेवलं असेल, मग एवढं जपायचं कारण नाही. आरसी बुकातला नंबरही जुळवा अन् दोन्ही कळवा.