अलर्ट वाजला की छातीत धडधडतं

"मॅडम, ओके दाबलं. आता खात्यातले पैसे जातील का?" मोबाईलवर सरकारी आपत्कालीन अलर्टची चाचणी झाली की हा प्रश्न माझ्याकडे, समुपदेशकाकडे, येतोच. दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये चाचण्या घेतल्या तेव्हा तर फारच आला, आणि पाठोपाठ दुसरा: "सरकार आपल्या फोनमध्ये शिरलंय का?"

पैसे जात नाहीत. महापालिकेची भोंगा लावलेली रिक्षा गल्लीतून जाते, तसा टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकच संदेश ऐकवतो. त्याला तुमचा नंबर लागत नाही. ओके दाबल्याने फक्त आवाज थांबतो. मात्र त्यानंतर कोणी फोन करून ओटीपी मागितला, तर तो भामटा समजा.

एवढं समजल्यावर बहुतेक जण निवांत होतात. सांगलीच्या गावभागातल्या एक काकू (ओळख बदलली आहे) झाल्या नाहीत. २०१९ च्या पुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. चाचणीनंतर त्या रात्री फोन बंद करून कपाटात ठेवायच्या, मग "खरंच काही आलं असेल तर?" म्हणून मध्यरात्री उठून चालू करायच्या.

"पैशांची भीती गेली ना?"

"ती गेली. धडधड नाही गेली."

इथे दीर्घ श्वास शिकवून घरी पाठवता आलं असतं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची: घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार त्रास देतो, असं मानणारी. आवाज ऐकल्यावर माणूस मनात कोणतं वाक्य म्हणतो, ते मी शोधते. काकूंचं वाक्य सापडायला बऱ्याच भेटी गेल्या: "काहीतरी होणार, आणि मला काही सुचणार नाही."

मी त्या वाक्याचा उत्तरार्ध धरला.

"पावसाळ्यात पाणी किती चढलं, हे कसं बघता?"

"आयर्विन पुलावरून की! चाळीस फूट झालं की धान्य माडीवर. पंचेचाळीसच्या आत आम्ही विश्रामबागला, दिरांकडे."

"तेव्हा धडधडतं?"

"तेव्हा वेळ कुठे असतो? कामं असतात." त्या थांबल्या आणि हसायलाच लागल्या. "तो पूल आकडा सांगतो हो. हा मेला नुसताच बोंबलतो!"

हे त्यांचं त्यांनाच सुचावं म्हणून मी थांबले होते, हे कबूल करायला मला आवडेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेची चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी. सांगलीकर या आकड्यांनाच कामं बांधून ठेवतो. अलर्टला काकूंनी एकही काम बांधलेलं नव्हतं. मग ते बांधलं. आधी संदेश पूर्ण वाचायचा: कोणी पाठवला, कुठल्या भागासाठी, काय करायला सांगितलंय. चाचणी असेल तर तसं लिहिलेलं असतं. खरा असेल तर दिरांना फोन आणि कागदपत्रांची पिशवी.

तुम्हालाही हेच सांगेन. अलर्ट सरसकट बंद करू नका. फोनच्या सेटिंगमध्ये चाचणीचे अलर्ट वेगळे दिसत असतील, तर तेवढेच बंद करा. अपवाद एकच. घरच्या मारहाणीमुळे जी बाई दुसरा फोन लपवून ठेवते, तिने त्या फोनवरचे सगळेच बंद ठेवावेत, कारण हा आवाज सायलेंटवरही वाजू शकतो.

पुढच्या चाचणीनंतर काकूंचा फोन आला. "वाचलं. चाचणीच होती. तरी दिरांना फोन लावला."

"का?"

"उचलतात का ते बघितलं. नाही उचलला! आता जावेचा नंबर वर लिहिलाय."